लाईट आली का, बनुबाई?

पोलादपूरच्या वीज कार्यालयात बनुबाई पायरी चढताना दिसली की आतली निम्मी माणसं चहाला निघून जात. उरलेली माना खाली घालून कामात बुडाल्याचं सोंग करत. त्यांना तरी काय बोलावं! बाईने एकदा तोंड उघडलं की समोरच्याला पुरतं गप्प केल्याशिवाय ती थांबत नसे, आणि तिचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असे. खरी अडचण तीच होती.

करंजवाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, जंगलाच्या कुशीत दडलेली. थोडी घरं, मारुतीचं देऊळ आणि एक पिठाची गिरणी. गिरणी बनुबाईची. नवरा रावजी दिवसभर गिरणीच्या ओट्यावर बसून असे. त्याला ऐकू कमी यायचं. ते गिरणीच्या आवाजाने झालं की बायकोच्या, यावर वाडीचं अजून एकमत झालेलं नाही. वाडीत सगळ्यात मोठं वीज कनेक्शन गिरणीचं, म्हणून लाईट गेली की तक्रार करायची ती बनुबाईनेच, असं कोणी न ठरवता ठरून गेलं होतं. आणि घाटाखालची ती लाईट! वारा जरा जोराने वाहिला, एखादं माकड तारेवरून उडालं, की गेली.

जाण्याचं तिला फार वाटत नसे. जंगलातली तार, ती तुटायचीच. तिचं डोकं फिरायचं ते दुसऱ्याच गोष्टीने. वाडी अंधारात बसलेली असताना कार्यालयातला बाबू संगणकात बघून सांगायचा, "आजी, तुमची लाईट परवाच आली. तक्रार बंद झालीय."

"माज्या घरातली लाईट तुला हितं बसून दिसली? आणि मना घरात बसून दिसली नाय?"

बाबू मग पुढच्या माणसाला हाक मारायचा. तक्रार वेळेत मिटवली असं दाखवलं की वरून शाबासकी मिळते, हे बनुबाईला उशिरा कळलं. कळलं तेव्हा ती गप्प बसणार नव्हतीच. वीज आयोगाची जाहीर सुनावणी आहे, कोणीही ग्राहक जाऊन बोलू शकतो, असं कोणीतरी तिला सांगितलं. बाई नवी साडी नेसून, एसटीने, दोन गाड्या बदलून गेली. तिथे मोठमोठे वकील आकडे वाचत होते. बनुबाईची पाळी आली तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या घरात लाईट आली का नाय ते मी सांगीन. दुसऱ्या कोणी माज्या वतीने सांगायचं नाय. एवढाच नियम करा."

सभागृहात टाळ्या पडल्या. पुढे नियम बदलले. ठरलेल्या वेळेत लाईट आली नाही तर कंपनीने भरपाई द्यायची, आणि ग्राहकाने स्वतः 'लाईट आली' असं फोनवर सांगितल्याशिवाय तक्रार मिटली असं धरायचं नाही. हे काही एकट्या बनुबाईच्या बोलण्याने झालं नसणार. असं बोलणारी माणसं गावोगावची असणार. पण करंजवाडीत ही शंका काढायची छाती कोणाची नव्हती. तिथे तो बनुबाईचा नियम होता. ती दळण टाकता टाकता सांगायची, "माज्या 'हो'शिवाय आता त्यांचं पान हालत नाय." हे वाक्य तिने किती अभिमानाने म्हटलं होतं, ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

चांगला नियम कागदावरून खाली उतरताना कोणाकोणाच्या अंगावरून जातो, हे नियम करणाऱ्याला दिसत नाही. बनुबाईलाही दिसलं नाही.

त्याआधी पोलादपूरच्या उपकेंद्रात गोमाजी नावाचा एक म्हातारा ऑपरेटर होता. वीज सोडायचा दांडा त्याच्या हातात. जो माणूस खांबावर चढणार तो आपला जेवणाचा डबा गोमाजीच्या त्या दांड्याला अडकवून जाई. डबा लटकतोय तोवर दांडा वर जायचा नाही, मग साहेब येवो की मंत्री. काम झालं की तोच माणूस फोन करी, गोमाजी त्याचा आवाज ओळखी, डबा काढून बाजूला ठेवी आणि मगच वीज सोडी. ही रीत कुठल्या नियमात नव्हती. पण त्या रीतीमुळे गोमाजीच्या सगळ्या नोकरीत एकही माणूस तारेवर दगावला नाही.

गोमाजी निवृत्त झाला. दुरुस्तीचं काम एका ठेकेदार कंपनीकडे गेलं. उपकेंद्रात माणूस राहिला नाही, दांडा कुलपात गेला आणि वीज सोडायचं काम लांबच्या एका शहरातून, पडद्यावर बघून होऊ लागलं. तक्रारीचा फोनही तिथेच लागे. उशिराची भरपाई वीज कंपनी ठेकेदाराकडून घेऊ लागली, आणि ठेकेदार ती लाईनमनच्या पगारातून कापू लागला. झालं! बनुबाईच्या नियमाचं ओझं घरंगळत घरंगळत खांबावरच्या माणसाच्या मानेवर येऊन बसलं.

करंजवाडीच्या तारेवरचा माणूस म्हणजे मुजम्मिल. महाडजवळच्या गावातला, तिशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप. भाऊ कुवेतला, चुलते सौदीला, आणि हा मात्र घाटातल्या खांबांवर. कोणी विचारलं की म्हणायचा, "तिकडं माज्यासाठी अंधारात कोण थांबलंय?" तारेचं काम झालं की बनुबाईच्या ओट्यावर चहा प्यायचा, रावजीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पांचट सांगायचा, आणि तो म्हातारा, जो कोणाला हसत नसे, तो हसायचा. बनुबाईचा त्याच्यावर जीव होता. स्वतःचा मुलगा मुंबईत राहून फोन करायलाही कंटाळतो, म्हणून असेल. ईदच्या आधी ती मुजम्मिलच्या आईसाठी, नुरजहाँसाठी, तांदळाचं पीठ दळून पाठवायची. नुरजहाँ डबा रिकामा परत करत नसे.

एकदा तार दरीत तुटली होती. मुजम्मिल तिथे लटकून काम करत असताना शहरातून बनुबाईला फोन आला. "मॅडम, आपला वीजपुरवठा सुरू झाला का?" बनुबाईने ठणकावून सांगितलं, "नाय!" खरं तेच सांगितलं. वेळ उलटून गेली. पुढे महाडच्या बाजारात नुरजहाँ भेटली, ती हसून म्हणाली, "बनुताय, तुमच्या त्या 'नाय'नं माज्या पोराचा अर्धा पगार गेला." ती हसत म्हणाली होती, त्यामुळेच बनुबाईच्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून बनुबाई खोटं बोलू लागली. जिने आयुष्यभर कार्यालयाला खोटं बोलू दिलं नाही ती. शहरातून फोन आला आणि मुजम्मिल कामावर असला की ती बेधडक सांगायची, "हो, आली." शिवाय घाटातली आणखी एक गोम होती. लाईट गेली की मोबाईलचा टॉवरही काही तासांत मरतो. टॉवर जिवंत आहे तोवर 'हो' सांगून टाकलं तर ठीक, नाहीतर फोन लागत नाही आणि उशीर मुजम्मिलच्या नावावर चढतो. हळूहळू सगळी वाडी तसंच सांगू लागली. मुजम्मिल सुरुवातीला लाजला, मग त्यालाही सवय झाली. कोणाचं काही बिघडत नव्हतं. कारण 'हो'ने फक्त तक्रार मिटायची. वीज सुटायची ती मुजम्मिलने खाली उतरून, जिथे नेटवर्क मिळेल तिथे जाऊन, स्वतः फोन केल्यावरच.

हे बदललं. कधी बदललं ते वाडीला कोणी सांगितलं नाही. ग्राहकाला आणखी लवकर सेवा मिळावी म्हणून शहरात तक्रार मिटवणं आणि वीज सोडणं ही दोन कामं एक केली गेली. ग्राहक 'हो' म्हणाला म्हणजे लाईन जोडली गेली आहे, मग त्या भागातली उरलेली वीज सोडायला आणखी कोणाच्या फोनची वाट कशाला बघायची? कागदावर हे कोणालाही पटेल. खांबावर चढणाऱ्याने आधी मोबाईलवर परवानगी घ्यावी, असंही त्यात होतं. घाटात मोबाईल चालत नाही, हे त्यात नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी लाईट गेली. वाडी मुंबईकरांनी भरलेली. गिरणीपुढे मोदकाच्या तांदळाचे डबे ओळीने लागलेले, आणि गिरणी ठप्प. धुकं इतकं उतरलं होतं की ओट्यावरून देऊळ दिसत नव्हतं. मुंबईकर बायका हातातल्या फोनकडे बघून उसासे टाकत होत्या. बनुबाईने तक्रार नोंदवली आणि वाट बघत बसली. सकाळपासून तिला बरं वाटत नव्हतं. कशामुळे ते सांगता येत नव्हतं. रावजीने चहा मागितला तर त्याच्यावर उगाच खेकसली.

दुपारी मुजम्मिल आला तो भिजूनच. सोबतचा माणूस दुसऱ्या गावाला पाठवलेला, म्हणून एकटाच.

"वरच्या वळणावर फांदी पडलीय, मावशी. तिन्ही तारा तुटल्यात."

"एकटा चढू नको रे. जोडीदार येऊ दे."

"तो येईस्तवर गणपती पाण्यात जातील तुमचे." तो हसला. "चुकून वीज सुटली तर ती जमिनीत उतरवायची काठी ठेकेदारानं सगळ्या तालुक्याला मिळून एकच दिलीय. ती पण त्याच्याकडंच हाय. काय करायचं? मी आपला पटकन जोडतो."

"चहा घेऊन जा."

"आल्यावर. आलं घालून ठेवा."

तो वर गेला. धुक्याने त्याला दहा पावलांवरच गिळलं. त्याच्या चपलांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

बनुबाई देवळामागच्या कातळावर जाऊन उभी राहिली. वाडीत नेटवर्क मिळायचं ते तिथेच. टॉवर अजून तग धरून होता, पण फोनवरची रेघ कमी कमी होत चाललेली. आता मेला तर पोराचा पगार गेला, एवढंच तिच्या मनात. त्याच्या घरात लेक आहे. फोन वाजला तेव्हा तिला हायसं वाटलं.

"नमस्कार मॅडम. आपल्या तक्रारीबाबत बोलतेय. आपला वीजपुरवठा सुरू झाला का?" मुलीचा आवाज गोड होता.

"हो गो बाय, आली लाईट. झकास आली."

"आपण सेवेबद्दल समाधानी आहात का?"

"आहे ना! आणि त्या मुजम्मिलचं चांगलं लिव. गुणाचा पोर हाय तो."

"धन्यवाद मॅडम. आपल्या भागातल्या उरलेल्या ग्राहकांचा पुरवठाही आम्ही आता लगेच सुरू करत आहोत."

बनुबाईला आधी ते नीट उमगलं नाही. मग उमगलं.

"नको! गो बाय, थांब! तो वर हाय! लाईट आली नाय, मी..."

फोन मेला होता. रेघ गेली होती. तिने तो कानाला दाबून धरला, पुन्हा लावला, पुन्हा लावला, हलवला. मग पदर खोचून ती चढणीला लागली.

त्या वयात ती वाट चालतानाही दम लागतो. ती धावत होती आणि ओरडत होती, "मुजम्मिल! उतर रे! सोड तार! उतर!" धुक्यात आवाज पुढे जात नाही, आहे तिथेच विरून जातो. पाय शेवाळावरून सटकला, गुडघा फुटला, तिला कळलं नाही. देवा मारुतीराया, एवढी एक वेळ, असं ती म्हणत होती. वरून त्याचा आवाज आला. तो काम करताना नेहमी गुणगुणायचा, तसाच गुणगुणत होता. म्हणजे जवळच होता. ती आणखी जोराने ओरडली, आणि गुणगुणणं थांबलं. "काय झाला, मावशी?" असं त्याने विचारलंही. ते तिने स्वच्छ ऐकलं.

तेवढ्यात खालून, वाडीतून, पोराटोरांचा एकच गलका उठला. "आली! आली! लाईट आली!"

तीनपैकी दोन तारा त्याने जोडल्या होत्या. तिसरी हातात होती. अर्ध्या वाडीत दिवे लागले, तेही मिणमिणते, पण लागले. मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या वळणावर बनुबाई खांबाखाली पोचली तेव्हा गुणगुणणारं कोणी राहिलं नव्हतं.

वाडीने त्या वर्षी गणपती आणले, पण वाजतगाजत नाही.

चौकशी महाडला, ठेकेदार कंपनीच्या कार्यालयात झाली. साहेब तरुण होता, मऊ बोलणारा. त्याने बनुबाईला आधी एकटीलाच आत बोलावलं, पाणी दिलं.

"आजी, तुम्ही घाबरू नका. धुकं होतं, गडबड होती. एखादा दिवा क्षणभर लुकलुकला असेल, तुम्हाला वाटलं लाईट आली. एवढंच सांगा. मग तुमच्यावर काही येत नाही."

"आणि मुजम्मिलवर?"

साहेबाने समोरचा कागद सरळ केला. "तार आधीपासून चालू असेल, तर परवानगी न घेता चालू तारेवर चढला, असं होईल. त्याला कोण काय करणार?"

आयुष्यभर साहेबलोकांशी भांडलेली बाई ती. हा काय म्हणतोय ते तिला पहिल्या वाक्यातच कळलं होतं. आपण सुटू, आणि मेलेल्या पोराच्या माथी त्याचं मरण मारलं जाईल. त्याच्या घराला काही मिळणार नाही. पोरगं गेलं ते गेलं, वर निष्काळजी म्हणवून घेईल. आणि खरं बोललं तर? तर त्याला मारलं कोणी, हे त्याच्या आईसमोर आपल्याच तोंडाने सांगायचं.

नुरजहाँला आत आणलं. ती बनुबाईच्या शेजारच्या खुर्चीत बसली. या दिवसांत दोघी एकमेकींसमोर आल्या नव्हत्या. साहेबाने सांगितलं की ग्राहकाच्या फोनचं रेकॉर्डिंग आहे, ते कुटुंबाने ऐकावं, म्हणजे कंपनीने नियमाप्रमाणेच केलं हे कळेल. मग त्याने ते लावलं.

खोलीत बनुबाईचा आवाज घुमला. ठणठणीत, खुशीतला आवाज. हो गो बाय, आली लाईट. झकास आली. आहे ना! आणि त्या मुजम्मिलचं चांगलं लिव, गुणाचा पोर हाय तो.

फोन बंद पडतानाचं ओरडणं त्यात नव्हतं.

नुरजहाँने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "बनुताय, तवा लाईट आली होती?"

साहेबही बनुबाईकडेच बघत होता.

"नाय गो," बनुबाई म्हणाली. "नव्हती आली. मी खोटा बोलले."

"कशाला?"

"त्याचा पगार कापतील म्हणून."

साहेब म्हणाला, "आजी, तुम्ही काय बोलताय ते समजतंय का तुम्हाला? हे तुमच्यावर येईल."

"येऊ दे. लिव तू. तो चालू तारेवर चढला नव्हता. तार मेलेली होती. मी हो म्हटलं, आणि तुमी माज्या एका 'हो'वर ती सोडलीत. दोघांचंबी लिव."

साहेबाने लिहायला घेतलं नाही. नुरजहाँ रडली नाही, तिने बनुबाईला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बनुबाईला बरं वाटलं असतं.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "ते परत लावा. शेवटचं. माज्या पोराला काय म्हणाली ते."

शेवटचं तेवढं वेगळं लागत नव्हतं. साहेबाने दोनदा खटपट केली आणि मग पहिल्यापासूनच लावलं. नुरजहाँ ऐकायला पुढे वाकली. शेजारी बनुबाईने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, आणि खोलीत पुन्हा तिचा आवाज हसत हसत सांगू लागला, "हो गो बाय, आली लाईट."